रात्रीचा ताप आणि तान्हे बाळ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत जवळचा दवाखाना रात्री दहाच्या सुमारास बंद होतो, आणि त्यानंतर बाळाचे अंग तापले तर घरातला निर्णय थर्मामीटरच्या आकड्यावर आणि चालत आलेल्या समजुतींवर येऊन ठेपतो. त्यात आकड्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व मिळते; बाळाचे वय आणि त्याची एकूण अवस्था, ज्यांवरून धोका खरोखर ओळखता येतो, त्यांकडे मात्र दुर्लक्ष होते.

सर्वांत खोल रुजलेला समज म्हणजे वाढलेला ताप ‘डोक्यात जातो’. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा लहानसा भाग शरीराचे तापमान ठरवतो. जंतुसंसर्ग झाला की तेथे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होते आणि तापमानाची पातळी वर सरकते, परंतु नियंत्रण सुटत नाही. म्हणूनच संसर्गाचा ताप सहसा 106 अंश फॅरनहाइटच्या पुढे जात नाही आणि केवळ त्या उष्णतेने मेंदूला इजा होत नाही. मेंदुज्वरात इजा होते ती मेंदूला झालेल्या संसर्गामुळे. ताप हे त्याचे लक्षण असते, कारण नव्हे. उष्माघाताची गोष्ट वेगळी, कारण उन्हात बंद मोटारीत राहिलेल्या बाळाच्या शरीरात हे नियंत्रणच कोलमडते. रात्री ताप चढतो याचेही कारण साधे आहे: निरोगी शरीराचे तापमानसुद्धा पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असते, त्यामुळे दिवसभराची कणकण रात्री फणफणते.

याउलट, तीन महिन्यांच्या आतील बाळाला आलेला ‘थोडासाच’ ताप हा खरा धोक्याचा इशारा होय. या वयात प्रतिकारशक्ती अपुरी असते, रक्तातील किंवा लघवीच्या मार्गातील संसर्ग दुसऱ्या कोणत्याही लक्षणाशिवाय असू शकतो, आणि म्हणून 100.4 अंश किंवा त्याहून अधिक ताप आढळल्यास सकाळची वाट न पाहता बाळाला रुग्णालयात नेणे आवश्यक ठरते. नवजात बाळ अकारण थंडगार पडणे हेही तितकेच गंभीर मानले जाते. दीड आणि अडीच महिन्यांच्या लसींनंतर एक-दोन दिवस ताप येणे अपेक्षित असले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लसीचाच आहे असे गृहीत धरू नये. मोठ्या बाळाच्या बाबतीत ते दूध ओढते का, लघवी नेहमीप्रमाणे होते का, हाक मारल्यावर बघते का, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो का, हे पाहणे दर अर्ध्या तासाने थर्मामीटर लावण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे असते. यांपैकी काही बिघडलेले दिसले, तर विलेपार्ल्याचे कूपर, कांदिवलीचे शताब्दी किंवा घाटकोपरचे राजावाडी यांसारखे महापालिकेचे रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

दात येताना ताप येतोच, हा समजही असाच घातक आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारद्रव्ये साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरतात आणि दातही त्याच सुमारास येऊ लागतात, म्हणून संसर्गाचा दोष दातांवर जातो. दातांमुळे अंग किंचित कोमट होईल, पण 102 अंश ताप येणार नाही.

घाम फुटावा म्हणून बाळाला कुंची, दुपटे आणि शालीत गुंडाळणे आणि ताप उतरावा म्हणून बर्फाच्या किंवा कोलनवॉटरच्या पट्ट्या ठेवणे, हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत. गुंडाळल्याने उष्णता कोंडते. बर्फाने हुडहुडी भरून तापमान उलट वाढते. आणि कोलनवॉटरमधील अल्कोहोल तान्ह्याच्या पातळ त्वचेतून व श्वासातून शरीरात जाते. सैल सुती कपडे, खेळती हवा आणि वारंवार स्तनपान पुरेसे असते.

औषधाच्या बाबतीतली चूक सर्वांत सहज घडते आणि तिची जाणीव सर्वांत कमी असते. पॅरासिटामॉल बाळाच्या वजनावर, दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवून आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक नाही, असे दिले जाते. परंतु औषधाच्या दुकानात ते निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते: 100 मिलिग्रॅम औषध थेंबांच्या बाटलीतील 1 मिलिलिटरमध्ये असते, तर तेवढ्यासाठी 120 मिलिग्रॅमच्या सिरपचे सुमारे 4 आणि 250 मिलिग्रॅमच्या सिरपचे 2 मिलिलिटर लागतात. सात किलोच्या बाळासाठी सिरपचे सांगितलेले 4 मिलिलिटर घाईत थेंबांच्या बाटलीतून दिले, तर चौपट औषध पोटात जाते. सर्दीच्या मिश्र औषधांतही अनेकदा पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन बाटल्या एकत्र देऊ नयेत. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइड भारतात 2011 पासून बंद आहे; अ‍ॅस्पिरिनही देऊ नये.

सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांपैकी दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते. ती दिसायला भयंकर असली तरी बहुधा काही मिनिटांत थांबते आणि बुद्धीवर परिणाम करत नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, मुठीत किल्ल्या देणे यांत फक्त वेळ जातो, आणि दातांत चमचा घालण्याने जबड्याला इजा होते. बाळाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवावी. थांबली तरी पहिल्या आकडीनंतर त्याच रात्री तपासणी हवी.

पावसाळ्यात, डेंग्यू फिरत असताना, आणखी एक समज महाग पडतो, तो म्हणजे ताप उतरला की आजार संपला. डेंग्यूमध्ये तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप ओसरत असतानाच, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो आणि रक्तदाब घसरू शकतो. आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून डेंग्यूची शंका असताना ते टाळले जाते. ताप उतरूनही बाळ मलूल राहिले, सतत उलट्या करू लागले, हातपाय गार पडले किंवा सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, तर त्याच रात्री रुग्णालयात न्यावे.