पादचारी ओलांडपट्टा, उंचावलेला

वाहनांच्या रस्त्याचा जो आडवा पट्टा दोन्ही कडांच्या पदपथांच्या पातळीपर्यंत किंवा तिच्या जवळपास उचलून सपाट माथ्याचा केलेला असतो व ज्यावरून पादचारी रस्ता ओलांडतात, त्यास उंचावलेला पादचारी ओलांडपट्टा म्हणतात. बांधकामाच्या व्यवहारात त्यास ‘टेबल टॉप’ असेही नाव आहे. साध्या झेब्रा पट्ट्यांच्या ठिकाणी पादचारी पदपथावरून वाहनांच्या पातळीवर उतरतो. येथे वाहनाला पादचाऱ्याच्या पातळीवर चढावे लागते. वाहनाचा वेग कमी करणे व पादचाऱ्यास चढउताराविना वाट देणे, ही दोन्ही कामे त्यामुळे एकाच बांधकामाने साधतात. नेहमीच्या गतिरोधकाने यांपैकी पहिलेच काम होते.

वेग व धोका : चालत्या वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताशी ५० किमी. वेग ३० किमी. वर आणल्यास ऊर्जा ३६ टक्केच उरते. भारतीय रस्ते काँग्रेसने आखणीसाठी मान्य केलेले सुरक्षित थांबण्याचे अंतर ताशी ५० किमी. वेगास ६० मी., तर ३० किमी. वेगास ३० मी. आहे. सेकंदास १·२ मी. चालणाऱ्या धडधाकट माणसास ७ मी. रुंदीचा रस्ता ओलांडण्यास सुमारे ६ सेकंद लागतात. तो निघाला तेव्हा वाहन ६० मी. दूर असल्यास, ताशी ३० किमी. वेगाचे वाहन तेथे पोहोचण्यास ७ सेकंदांहून अधिक वेळ लागतो व तोपर्यंत माणूस पलीकडे गेलेला असतो. ताशी ५० किमी. वेगाचे वाहन मात्र सुमारे ४·३ सेकंदांत पोहोचते. त्या वेळी तो रस्त्यातच असतो. वृद्ध माणसे, लहान मुले, डोक्यावर भारा घेतलेल्या स्त्रिया यांचा चालण्याचा वेग याहून कमी असल्याने त्यांच्यासाठी चालकाने वाहन थांबविणेच आवश्यक ठरते आणि ते कमी वेगातच शक्य असते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यातही, पादचारी व वाहने जेथे नित्य मिसळतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किमी. असावी, असे म्हटले आहे.

इतिहास : पादचाऱ्यांसाठी काळे-पांढरे पट्टे ब्रिटनमध्ये १९५१ साली अधिकृत झाले, परंतु रंगामुळे वेग आपोआप कमी होत नाही, हे पुढे अनुभवास आले. नेदर्लंड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निवासी गल्ल्यांची रचनाच अशी बदलण्यात आली, की वाहनांना सावकाश जाण्यावाचून गत्यंतर राहू नये. १९७६ मध्ये तेथे अशा गल्ल्यांना कायद्याची मान्यता मिळाली. ब्रिटनच्या वाहतूक व रस्ते संशोधन प्रयोगशाळेने १९७३ मध्ये ३·७ मी. लांब व १० सेंमी. उंच अशा वर्तुळखंडाकार उंचवट्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. सपाट माथ्याचा उंचवटा हे याच विचाराचे पुढचे रूप होय.

भारतात मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून पुढे १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेसची स्थापना झाली. या संस्थेने १९८८ मध्ये गतिरोधकांविषयी व पादचाऱ्यांच्या सोयींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १७ मी. त्रिज्येचा, ३·७ मी. रुंद व १० सेंमी. उंच गतिरोधक ताशी २५ किमी. वेगासाठी सांगितला आहे. पादचारीविषयक सूचना २०१२ मध्ये व गतिरोधकविषयक सूचना २०१८ मध्ये सुधारण्यात आल्या. महाराष्ट्रात पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले.

जागेची निवड : उंचावलेला पट्टा मुख्यतः स्थानिक रस्त्यांसाठी आहे. कोणता रस्ता स्थानिक, हे ठरविण्याची अडचण तालुक्याच्या गावी विशेष जाणवते. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर हे याचे उदाहरण होय. खंडेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे परिचित असलेले हे गाव अमरावती–यवतमाळ मार्गावर आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गही याच तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. अशा तालुक्यात रस्त्यांच्या तीन पायऱ्या आढळतात. द्रुतगती महामार्गावर पादचाऱ्यास प्रवेश नसतो. त्याची ये-जा भुयारी मार्गाने वा पुलावरून होते. गावातून जाणाऱ्या दोन शहरांमधील रस्त्यावर, भरधाव आलेल्या वाहनापुढे एकाएकी उंचवटा येणे धोक्याचे असते. तेथे गावाच्या वेशीपासूनच फलक, खडबडीत पट्टे व रस्त्याचा संकोच यांनी वेग टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो आणि ओलांडण्याच्या जागी दुभाजकात थांबण्यापुरता ओटा ठेवावा लागतो. लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासानंतर चालकास आपला वेग आहे त्याहून कमी भासतो, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. शाळा, दवाखाना, मंदिर, बाजार व बसस्थानक यांकडे जाणारे अंतर्गत रस्ते ही तिसरी पायरी असून उंचावलेल्या पट्ट्याची खरी जागा तीच होय.

पट्टा लोक जेथून मुळातच ओलांडतात त्या वाटेवर असावा. तो शंभर पावले दूर नेल्यास लोक जुन्याच जागी ओलांडतात व उंचवटा निरुपयोगी ठरतो. वळणावर, चढाच्या माथ्याजवळ किंवा उभ्या वाहनांच्या आडोशाला तो बांधू नये.

रचना : माथ्याची उंची साधारणतः ७·५ ते १० सेंमी. ठेवतात, पदपथ १५ सेंमी. पर्यंत उंच असल्यास तोच पट्ट्याजवळ अलगद उतरवून पातळी जुळवितात. मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे २·५ मी. असते; तेव्हा सपाट माथा किमान ३ मी. लागतो. बसमार्गावर तो याहून बराच लांब ठेवणे इष्ट असते. दोन्ही बाजूंचे उतार १:१० ते १:२० या मर्यादेत ठेवतात. पहिला उतार वेग अधिक कमी करतो, तर दुसरा एस. टी. बस, रुग्णवाहिका, बैलगाडी आणि कापसाने उंच भरलेली ट्रॉली यांना सोसतो. माथ्यावर पांढरे पट्टे, उतारांवर ठळक खुणा, सुमारे ४० मी. आधी सूचनाफलक आणि रात्री पुरेसा प्रकाश हे सर्व आवश्यक असते. अंध व्यक्तीस पदपथ कोठे संपला हे पातळीवरून कळत नसल्याने तेथे पायाला जाणवणाऱ्या उठावाच्या फरशा बसवितात.

बांधकाम : वऱ्हाडातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट बसविलेला पट्टा खचतो किंवा उलतो. म्हणून काळी माती आवश्यक खोलीपर्यंत काढून मुरुमाचा दाबलेला थर, त्यावर खडी व वर काँक्रीट किंवा ठोकळे असा क्रम ठेवतात. चाकांचा आघात उताराच्या पायथ्याशी होत असल्याने ठोकळे तेथूनच निखळू लागतात. त्यामुळे त्या कडेला काँक्रीटची पट्टी बांधून घ्यावी लागते. उंचवट्यामुळे पावसाचे पाणी अडते. त्याच्या वरच्या अंगाला जाळी बसवून पाणी नालीत सोडावे किंवा कडेची नाली पट्ट्याखालून फरशीने झाकून न्यावी. जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, म्हणजे चाकाच्या खुर्चीचे चाक त्यांत अडकत नाही. पुढे रस्त्यावर डांबराचे नवे थर चढविले की पट्ट्याची उंची घटत जाते. तेव्हा जुना थर खरवडूनच नवा टाकणे योग्य ठरते.

उणिवा व मर्यादा : अपघातानंतर रहिवाशांनी घाईने उभारलेला अरुंद, तीव्र चढाचा व रंगविहीन उंचवटा हा गतिरोधकाचा सर्वांत धोक्याचा प्रकार होय. त्यावरून दुचाकी घसरते, मागे बसलेली व्यक्ती फेकली जाते आणि पादचाऱ्याची मात्र कोणतीच सोय होत नाही. उत्तम बांधलेल्या पट्ट्यावरही आवाज व धक्के काही प्रमाणात राहतात. म्हणून रुग्णालयाच्या मुख्य वाटेवर तो जपून योजावा लागतो. पदपथावर दुकाने व वाहने असल्यास पट्टा कोठेच पोहोचत नाही. मोटार वाहन चालनविषयक २०१७ च्या विनियमांनुसार, वाहतूक नियंत्रण नसलेल्या ओलांडपट्ट्यावर पादचाऱ्यास वाट देणे चालकावर बंधनकारक आहे. हा हक्क कागदावरून रस्त्यावर आणण्याचे काम जेथे पोलीस वा दिवा नसतो तेथे रस्त्याच्या रचनेलाच करावे लागते.