पिंजऱ्याची पंचवीस वर्षं

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, अकोले हे तालुके. सह्याद्री ओलांडून पूर्वेला सरकावं तसा पाऊस आटत जातो आणि पुढं पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येऊन ठेपतो. हा बाजरी-मटकीचा, मेंढरांचा मुलूख. धरणं झाली, कालवे फिरले आणि माळावर ऊस उभा राहिला. वर्षभर सहसा कुणी आत शिरत नाही, बुडाशी गारवा, पलीकडं वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. बिबट्यानं तिथं बिऱ्हाड थाटलं यात त्याचं काय चुकलं?

२००१ च्या सुमारास जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले वाढले. उपाय ठरलेला होता: पिंजरा लावायचा, आत शेळी बांधायची आणि सापडलेलं जनावर लांबच्या जंगलात नेऊन सोडायचं. गाव शांत होई, खात्यावरचा दबाव उतरे, वर्तमानपत्रात फोटो येई. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग हिशेब मांडला. जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी चार हल्ले होत; धरलेले २९ बिबटे त्याच विभागातल्या जंगलांत सोडल्यावर ते सतरावर गेले. २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोडलेलं जनावर अनोळखी मुलखात बावरतं, घराची वाट शोधत माणसांच्या वस्त्यांतून फिरतं आणि त्याच्या रिकाम्या जागी दुसरं येऊन बसतं. म्हणजे औषधानंच आजार वाढवला होता. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती २००२ ते २००४ मध्ये जे बळी गेले, त्या काळातही बाहेरून आणून सोडलेल्या बिबट्यांचा प्रश्न होताच. केंद्राच्या वनखात्यानं २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून या सोडासोडीला आवर घालायला सांगितलं.

२००९ चा ‘आजोबा’ तर सगळ्यांच्या लक्षात आहे. टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला हा वयस्कर नर बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेजला सोडला. गडी निघाला तो मुंबईकडं. आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ पार केले, वसईची खाडी पोहून महिनाभरात बोरिवलीच्या उद्यानात हजर. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची ही चाल, आणि वाटेत एकाही माणसाला ओरखडा नाही. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदर भागात वाहनाच्या धडकेनं तो मेला. २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला.

मला मात्र त्याहून मोलाचं वाटतं ते अत्रेय यांचं अकोले तालुक्यातलं काम. कॅमेरे लावले तेव्हा उसाच्या त्या खोऱ्यात शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, तितकेच तरस, शिवाय कोल्हा, रानमांजर आणि वाघाटी. माणसांची दाटी चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर. विष्ठा तपासली तर बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के पाळीव जनावरं, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असूनही अवघ्या ११. रात्री गोठ्यात नीट कोंडलेली शेळी त्याला सहजी मिळत नाही, मोकाट कुत्रं मिळतं. याच अकोल्यात आदिवासी वाघबारस, म्हणजे वाघदेवाच्या पूजेचा दिवस, पाळतात, हेही नोंदवून ठेवतो.

वाघाटीची गंमत वेगळीच. जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी ही एक, वजन जेमतेम दीड किलो. ऊसतोड चालू असताना तिची पिल्लं सापडली की ‘बिबट्याची पोरं’ म्हणून गावभर बोंब होते. खरी बिबट्याची असली तर संध्याकाळी क्रेटमध्ये घालून जिथं सापडली तिथंच ठेवतात. आई रात्री येते आणि एकेकाला तोंडात धरून नेते. पंचवीस वर्षांत शिकलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट, असं माझं मत.

आमचं रायगड जिल्ह्यातलं गडब या साऱ्यापासून दूर. इथं मुसळधार पाऊस, खारजमिनी, भाताची आवणी, उशाला मुंबई-गोवा महामार्ग. बिबट्या म्हटला की फणसाड, म्हणजे रोहा-मुरूडकडचं १९८६ चं अभयारण्य. आमच्या वाट्याला रानमांजर, बांधावरून उंदरांच्या मागं फिरणारं. ते पिकाला उपकारकच, पण रात्री महामार्ग ओलांडताना गाडीखाली येतं; त्याला कसला पिंजरा न् कसलं काय! तरी घाटावरची बातमी आली की इकडंही नाक्यावर पहिला शब्द निघतो तो पिंजऱ्याचाच.

आणि घाटावर प्रश्न सुटलेला नाही, हे प्रामाणिकपणे म्हटलं पाहिजे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन बळी गेले, त्यांत दोन लहान मुलं. लोकांनी वनखात्याची गाडी जाळली, महामार्ग अडवला. शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारला. पोरगं गेलेल्या घराला अकोल्याचे आकडे सांगायला जाऊ नये. त्यानंतर जोरात चर्चा झाली ती माद्यांच्या नसबंदीची आणि आणखी पिंजऱ्यांची. जुन्नर तालुक्यातल्या माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र तर कधीचंच भरलेलं. नसबंदीचा परिणाम दिसायला वर्षं जातील. त्या मानानं शेतकऱ्याची मागणी साधी आहे: थ्री-फेज वीज दिवसा द्या. रात्री लाइट येते, म्हणून माणूस बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जातो, वाकून काम करतो, आणि बिबट्याची फिरायची वेळही तीच असते.