नुसतं इंजिन बदलून भागत नाही

इंजिनिअरिंगची मुलं मला हमखास विचारतात, ‘‘सर, प्रोपेलर काढायचा आणि जेट बसवायचं, एवढंच ना?’’ अशा वेळी मी त्यांना एका विमानाची गोष्ट सांगतो. श्रोतेहो, तीच आज तुम्हालाही सांगतो.

१९४१ साली अमेरिकी लष्कराने जॅक नॉरथ्रॉप यांच्या कंपनीला लांब पल्ल्याचं बॉम्बफेकी विमान बनवायला सांगितलं. त्यातून घडलेलं एक्सबी-३५ म्हणजे नुसता एक अवाढव्य पंख होता. त्याला ना वेगळं धड, ना शेपूट. या टोकापासून त्या टोकापर्यंत १७२ फूट! त्यात चार पिस्टन इंजिनं होती आणि प्रोपेलर पंखाच्या मागच्या कडेला होते. २५ जून १९४६ रोजी ते प्रथम उडालं. पण प्रोपेलर आणि त्यांचे गिअरबॉक्स सतत कुरकुरत.

तोवर जेटचं युग उजाडलं होतं. मग त्याच सांगाड्यात आठ जेट इंजिनं बसवली गेली. हे वायबी-४९ २१ ऑक्टोबर १९४७ रोजी आकाशात झेपावलं. वेग वाढला, धडधड कमी झाली.

पण इथेच एक गंमत आहे. बाणाच्या मागे पिसं कशासाठी असतात? बाण सरळ जावा म्हणून. या बिनशेपटीच्या विमानात पिसांचं काम मागचे प्रोपेलर आणि त्यांच्या दांड्यांवरची आवरणंच नकळत करत होती. ती गेली, तेव्हा पंखावर चार छोटे उभे पडदे बसवावे लागले. तरीही विमान डावी-उजवीकडे डुलायचं. बॉम्बचा नेम धरताना हे डुलणं फार नडत असे. शिवाय त्या काळची जेट इंजिनं भलतीच तहानलेली. त्यामुळे पल्ला घटून जवळपास निम्म्यावर आला.

५ जून १९४८ रोजी चाचणीदरम्यान एक वायबी-४९ हवेतच मोडलं. पाचही जण दगावले. त्यात कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स होते. कॅलिफोर्नियातल्या म्यूरॉक तळाला पुढे त्यांचंच नाव दिलं गेलं. या अपघाताचं खापर एकट्या जेटवर फोडता येणार नाही. पण नव्या वाटेवरची पहिली पावलं किती महाग पडतात, हे त्यातून कळतं. पुढे ही योजनाच गुंडाळली गेली.

कल्पना मात्र मेली नाही. १७ जुलै १९८९ रोजी बी-२ हे विमान प्रथम उडालं. तेही बिनशेपटीचं, रुंदीही तेवढीच, १७२ फूट! फरक एवढाच, की त्याचा तोल क्षणोक्षणी संगणक सावरतो. नॉरथ्रॉप हे उड्डाण पाहायला हयात नव्हते. पण १९८० साली, आजारी असताना, त्यांना या गुप्त विमानाची प्रतिकृती दाखवण्यात आली होती.

म्हणून मी मुलांना सांगतो, जुना भाग काढण्याआधी विचारा : हा आणखी कोणकोणती कामं गुपचूप करतोय?