गुरूच्या चुंबकावरणातून प्लाझ्मा बाहेर कसा पडतो?

गुरूच्या आयो या उपग्रहावरचे ज्वालामुखी १९७९ मध्ये व्हॉयेजर १ यानाच्या छायाचित्रांत प्रथम दिसले. त्यांतून आलेल्या सल्फर डायऑक्साइडपैकी सेकंदाला सुमारे १ टन द्रव्य आयोपासून सुटते आणि त्याचे आयनीभवन होते. आयोच्या कक्षेभोवती सल्फर आणि ऑक्सिजनच्या आयनांचे जे कडे आहे, त्यात साधारण २० लाख टन प्लाझ्मा असतो. भागाकार करून पाहा: २० लाख सेकंद, म्हणजे जेमतेम २३ दिवस. तरी कडे वर्षानुवर्षे फुगत जात नाही. म्हणजे जेवढा प्लाझ्मा येतो, तेवढा जातोच.

काही आयन उदासीन अणूकडून इलेक्ट्रॉन घेतात, स्वतः उदासीन होतात आणि थेट निसटतात. चुंबकी क्षेत्राची त्यांच्यावर पकड उरत नाही. अवघड प्रश्न उरलेल्यांचा आहे. प्लाझ्मा बलरेषेला दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखा बांधलेला असतो: मणी दोऱ्यावरून सरकतील, पण दोरा सोडणार नाहीत. आणि दोरे तर गुरूचे आहेत. ते कायमचे बाहेर गेले तर ग्रहाचे चुंबकी क्षेत्रच रिते होईल.

ढकलणारे बल मात्र गुरूकडे भरपूर आहे. गुरूची स्वतःभोवती एक फेरी १० तासांहूनही कमी वेळात होते आणि बलरेषा प्लाझ्माला सोबत फिरवतात. आयोपाशी हा वेग सेकंदाला ७४ किमी, तर आयोचा कक्षीय वेग १७.३ किमी आहे. अंतर तेच असल्याने वेगांच्या गुणोत्तराचा वर्ग घ्या. फिरत्या संदर्भ चौकटीत अपकेंद्री बल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १८ पट येते. ‘वर’ म्हणजे गुरूकडे आणि ‘खाली’ म्हणजे बाहेर, असे मानले तर चित्र सोपे होते: तेलावर पाणी ओतल्यासारखे. जड प्लाझ्माने भरलेल्या बलरेषांच्या नळ्या बाहेर सरकतात आणि जवळजवळ रिकाम्या नळ्या त्यांच्या जागी आत येतात. अशा रिकाम्या नळ्या गॅलिलिओ यानाला आयोजवळ प्रत्यक्ष आढळल्या.

या अदलाबदलीने प्लाझ्मा दूर जातो, पण सुटत नाही. गुरूच्या सुमारे २० त्रिज्यांपलीकडे तो ग्रहाच्या फिरण्यात मागे पडू लागतो आणि बलरेषा ताणून चपटी चकती बनते. दिवसाच्या बाजूला सौरवारा तिला दाबून धरतो. रात्रीच्या बाजूला अडवणारे कोणी नाही. तिथे ताणलेल्या रेषेचे दोन पदर एकमेकांजवळ येतात, तुटतात आणि नव्याने जोडले जातात. बाहेरचा तुकडा प्लाझ्मासह शेपटीतून निघून जातो. त्याला प्लाझ्मॉइड म्हणतात. आतला आखूड, रिकामा भाग गुरूकडे परततो. थोडक्यात, मणी गेले आणि दोरा वाचला. हे चित्र वासिलियुनास यांनी १९८३ मध्ये मांडले. उत्तरपत्रिकेत इथे पृथ्वीसाठी मांडलेले डंगी यांचे १९६१ चे चक्र लिहून येऊ नका; ते सौरवाऱ्यावर चालते, हे ग्रहाच्या फिरण्यावर.

हिशेब मात्र अजून जुळत नाही. गॅलिलिओच्या नोंदींतील प्लाझ्मॉइडवरून काढलेला दर फार तर सेकंदाला १२० किलो येतो, आणि बाहेर जायला हवेत काही शे किलो. कदाचित बरेचसे द्रव्य लहान लहान तुकड्यांत सतत झिरपत असेल आणि एकट्या यानाच्या मापकांना ते वेगळे ओळखू येत नसेल; काही चुंबकावरणाच्या कडांवरूनही जात असेल. एवढे खरे, की २००७ मध्ये न्यू होरायझन्स यान शेपटीतून २००० हून अधिक त्रिज्या दूर गेले, तेव्हाही प्लाझ्माच्या मोठमोठ्या राशी बाहेर जाताना त्याला दिसत होत्या.