संगणकालाही हवी खेळती हवा

एप्रिल संपत आला होता. दुपारी बाहेर ऊन नुसतं रखरखत होतं, पारा चाळिशीच्या वर गेलेला. आमच्या सिडकोतल्या घरात कूलर घरघरत होता, सासूबाई गवार निवडत बसल्या होत्या आणि मी शाळेतून आणलेल्या उत्तरपत्रिका तपासत होते. इतक्यात आतल्या खोलीतून भाचीचा रडवेला आवाज आला, "मावशी, पुन्हा बंद पडला गं!"

ही माझ्या ताईची मुलगी. ताई अंबडला असते. पोरीला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला, तेव्हापासून ती आमच्याकडे राहते. तिला मोठमोठे नकाशे काढायला चांगला संगणक लागतो, म्हणून दाजींनी त्या वर्षीच्या कापसाच्या पैशातून तो घेऊन दिला. तोच संगणक आता दुपार झाली, की तासाभरात आपोआप बंद पडायचा आणि केलेलं काम वाया जायचं. कॉलेजात नकाशे द्यायला उरले होते आठ दिवस!

आमचे हे तो एका दुकानात दाखवून आले. तिथल्या माणसानं वरवर बघितलं आणि सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय. बारा-चौदा हजार लागतील." ताईला हा आकडा कोणत्या तोंडानं सांगायचा, या विचारानं मला दोन रात्री झोप लागली नाही. भाचीचं म्हणणं वेगळंच. "मावशी, तो गरम होतोय. आणखी एक पंखा लावू या का?" पण पंखे तर आधीच चार होते! दोन पेटीबरोबर आलेले आणि दोन तिनं दिवाळीत मैत्रिणीच्या मदतीनं घरीच बसवलेले.

आणि मग उत्तर मिळालं, तेही सासूबाईंकडून. गवार निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, समोरचं दार कुणी लावलं? कूलर लावायचा आणि दार बंद करायचं! आतला वारा जाणार कुठून? घर कसं दमट झालंय बघ."

मैत्रिणींनो, आपल्या मराठवाड्यात कूलरची ही रीत कुणाला शिकवावी लागत नाही. कूलर खिडकीत बसवायचा आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवायची. वाऱ्याला यायला वाट हवी, तशी जायलाही हवी. जायची वाट बंद केली, तर कूलर कितीही मोठा आणा, खोलीत नुसता दमटपणा साठतो. मनात आलं, संगणकाची पेटी तरी काय, एक छोटी खोलीच ना! तिच्यात वारा येतो कुठून आणि जातो कुठे, हे आपण कुणी कधी पाहिलंय?

मी देवघरातली एक उदबत्ती पेटवली. पेटी बंदच ठेवून संगणक सुरू केला आणि उदबत्ती पेटीपासून चार-पाच बोटं लांब धरून धूर पाहू लागले. मागच्या पंख्यापाशी धूर बाहेर ढकलला जात होता, हे बरोबर. वरच्या पंख्यापाशीही तेच. पण पुढच्या दोन पंख्यांपाशी उदबत्ती नेली, तर तिथेही धूर माझ्याच तोंडावर! म्हणजे चारही पंखे वारा बाहेर टाकत होते आणि आत घेणारा एकही नव्हता. मग आत वारा यायचा कुठून? तर बाजूच्या फटींतून, रिकाम्या खाचांतून. सगळ्या फटींवर धुळीच्या काळ्या रेघा उमटलेल्या होत्या. शिवाय पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात. म्हणजे बाहेर टाकलेला गरम वारा फिरून पुन्हा आत!

दुकानदाराला दोष तरी कसा देणार? पंखे आम्हीच उलटे बसवले होते.

पंख्याची दिशा कशी ओळखावी?

ज्या उभ्या पेटीला आपण सगळेच 'सीपीयू' म्हणतो, तिचं दुकानातलं नाव कॅबिनेट. खरा सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, संगणकाचा मेंदू. सगळ्यात जास्त तापतो तो, आणि चित्रांचं काम करणारं ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, की स्वतःहून वेग कमी करतो आणि त्याहून तापू लागला, तर जळू नये म्हणून संगणकच बंद होतो. म्हणजे आमचा संगणक बिघडला नव्हता, तो बिचारा स्वतःचा जीव वाचवत होता!

कॅबिनेटमधले पंखे बहुधा १२० मिलिमीटरचे, म्हणजे जेमतेम बशीएवढे असतात. प्रत्येक पंख्याला दोन बाजू. एका बाजूनं पाती मोकळी दिसतात. दुसऱ्या बाजूला मधली मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या असतात आणि बहुधा तिथेच कागदी लेबल चिकटवलेलं असतं. मोकळ्या बाजूनं वारा ओढला जातो आणि पट्ट्यांच्या बाजूनं बाहेर पडतो. म्हणून पुढच्या पंख्याची मोकळी बाजू बाहेर, म्हणजे आपल्याकडे हवी आणि मागच्या पंख्याची मोकळी बाजू पेटीच्या आत हवी. काही पंख्यांच्या कडेवर बाणही कोरलेला असतो, तो पाहावा.

आता मांडणी. वारा पुढून आणि खालून आत घ्यायचा, मागून आणि वरून बाहेर सोडायचा. गरम हवा वर जाते, हे मी सातवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवते, पण स्वतःच्या घरातल्या पेटीला लावून पाहिलं नव्हतं! आमच्या आजोळी धाब्याचं घर होतं. तिथे चुलीच्या वर छताला भोक ठेवलेलं असे आणि धूर तिथून निघून जाई. इथेही तोच न्याय. खरं तर पेटीत एवढ्या लहान जागेत हवेला ढकलण्याचं मुख्य काम पंखेच करतात, तरी त्यांनी हवेच्या स्वभावाविरुद्ध झगडू नये, हे बरं.

घरगुती संगणकाला पुढे दोन आणि मागे एक, एवढे तीन पंखे बहुतेक वेळा पुरतात. वर एखादा लावायचाच असेल, तर तो मागच्या अर्ध्या भागात लावावा. पुढच्या भागात लावला, तर नुकताच आलेला ताजा वारा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच वरून निघून जातो. प्रोसेसरवरच्या पंख्याचं तोंड बाजूला असेल, तर त्याचाही वारा मागच्या पंख्याकडे जाऊ द्यावा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या धुळीसाठी महत्त्वाची. आत येणारा वारा बाहेर जाणाऱ्यापेक्षा किंचित जास्त असावा. मग जादा हवा फटींतून बाहेर पडते आणि धूळ आत ओढली जात नाही. आत येणारा वारा जाळीतून गाळून येतो, आपण पीठ चाळून घेतो ना, तसा. जाळी मात्र साफ ठेवायला हवी. आमच्याकडे उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यानं ती धुऊन, पूर्ण वाळवून लावतो.

अनेक घरी पेटीचं झाकण काढून संगणक उघडाच ठेवतात. पण झाकण काढलं, की वाऱ्याची ठरलेली वाट मोडते आणि धूळ मात्र थेट आत बसते. आपल्या गावातली पाणचक्की आठवा. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून सोडून तिथे जातं फिरवलं. ते पाणी वाटेत जागोजागी गळालं असतं, तर जातं फिरलं असतं का? वाऱ्याचंही तसंच आहे. म्हणून मागच्या रिकाम्या खाचांवर पट्ट्या लावाव्यात आणि आतल्या वायरी एकत्र बांधून कडेला घ्याव्यात.

एवढं लक्षात ठेवा

१. पेटी बंद कप्प्यात, गादीवर किंवा सतरंजीवर ठेवू नये. भिंतीपासून वीतभर अंतर सोडावं.

२. कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नये. त्या वाऱ्यात ओलावा असतो आणि पाण्याचे बारीक थेंब उडाले, तर त्यातले क्षार आत बसतात.

३. साफसफाईच्या आधी प्लग काढावा. मऊ ब्रश किंवा ब्लोअर वापरावा, ओलं फडकं नको. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, ते गरगर फिरू देऊ नये.

४. वीज पुरवणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते.

५. वॉरंटी असेल, तर आत हात घालण्याआधी विचारून घ्यावं.

६. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. खोलीत ३८ अंश असतील, तर पेटी त्याहून गार होणार नाही. म्हणून जड काम शक्यतो सकाळी किंवा रात्री करावं.

आम्ही त्या संध्याकाळी पुढचे दोन पंखे काढून उलटे करून बसवले, धूळ झाडली आणि पेटी कप्प्यातून बाहेर टेबलाशेजारी ठेवली. खर्च आला नाही. भाचीनं पडद्यावर तापमान लावून ठेवलं. काम करताना पूर्वी ते ९४ च्या पुढे जायचं. आता ऐन दुपारी ७६ च्या आसपास राहिलं. पुन्हा उदबत्ती धरली, तर धूर पुढून शांतपणे आत जाताना दिसला.

नकाशे वेळेवर दिले गेले. ताईला मी सगळं फोनवर सांगितलं, तशी ती क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "बारा हजार म्हणजे यंदाचं बियाणं-खत झालं असतं गं."

मदरबोर्ड कधी खरंच जातोही, तेव्हा जाणकाराला दाखवायलाच हवं. पण पैसे मोजण्याआधी एक उदबत्ती पेटवून बघायला काय हरकत आहे? परवा शेजारीण विचारत होती, "तुमच्याकडे संगणक कुणी दुरुस्त केला हो?" मी काही बोलायच्या आत भाचीच म्हणाली, "आजींनी!" आणि सासूबाई गोंधळून म्हणाल्या, "मी कुठे काय केलं? मी तर फक्त दार उघडायला सांगितलं होतं."