रव्वाचं तेल, फातोर्ड्याचं मैदान

भिलाईत फुटबॉल संघाचा मालक कोण, असं कुणी विचारत नाही. मैदान प्लांटचं, क्वार्टर प्लांटचं, बापाचा पगारही प्लांटचाच. १९५५ च्या सोव्हिएत करारातून हा पोलाद कारखाना उभा राहिला, फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि तिला लागणारं खनिज तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यातल्याच दल्ली-राजहराच्या खाणींतून येत राहिलं. सेक्टर-१ च्या पंत स्टेडियमवर खेळणाऱ्या पोराने मोठं व्हायचं म्हणजे स्पोर्ट्स कोट्यातून कुठेतरी चिकटायचं. त्यामुळे दुर्ग-भिलाईच्या माणसाला ‘क्लबचा चेअरमन’ हा प्राणी जरा परकाच वाटतो. तोही तेलाच्या धंद्यातला असेल, तर अधिकच.

या जातीचा अस्सल नमुना इटलीत सापडतो. आंजेलो मोराती १९५५ मध्ये इंटर मिलानचे अध्यक्ष झाले. १९६२ मध्ये त्यांनी सारास ही तेलशुद्धीकरण कंपनी काढली, सार्डिनिया बेटावर सारोक इथे तिचा कारखाना उभारला, आणि १९६४ व १९६५ असे लागोपाठ दोन युरोपियन कप इंटरने जिंकले. मुलगा मासिमो याने १९९५ मध्ये क्लब पुन्हा घराण्याकडे आणला आणि त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला. २०१० मध्ये एकाच मोसमात तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्यावर त्याचं चीज झालं. पैसा रिफायनरीचा होता हे खरं. पण पंधरा वर्षं कळ काढली ती वडिलांची खुर्ची म्हणून.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाणारं नाव मराठवाड्यातलं आहे. व्हिडिओकॉन म्हटलं की डोळ्यांसमोर रंगीत टीव्ही येतो, फार तर पैठण रस्त्यावरचा चितेगावचा कारखाना. पण वेणुगोपाल धूत यांच्या या उद्योगसमूहाचा आंध्रच्या किनाऱ्यालगतच्या रव्वा तेलक्षेत्रात २५ टक्के वाटा होता. तिथली सर्वांत मोठी, ४० टक्क्यांची भागीदार होती सरकारी ओएनजीसी. शिवाय मोझांबिकच्या रोवुमा वायुक्षेत्रात व्हिडिओकॉनचे १० टक्के होते, आणि आपली गोष्ट तिथेच वळण घेते.

ओएनजीसीचाही फुटबॉल संघ होता, मुंबईचा. २०१० मध्ये तो आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च राष्ट्रीय लीगमध्ये चढला, वर्षभरात घसरला, पुन्हा चढला. २०१२-१३ च्या मोसमात मुंबईच्या या संघाचे घरचे सामने झाले दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर! २०१३ मध्ये परवान्याच्या निकषांत बसत नाही म्हणून एअर इंडियाबरोबर त्यालाही लीगबाहेर काढण्यात आलं. देशातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीचा संघ बाहेर जातो, तो पैशाअभावी नक्कीच नव्हे. नव्या नियमांना हवा होता क्लब: त्याची स्वतंत्र कंपनी, त्याची पोरंटोरं, त्याचं मैदान. ओएनजीसीकडे खेळाडू होते, पण ते सगळे कंपनीच्या हजेरीपटावरचे.

त्याच २०१३ च्या जूनमध्ये ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांनी व्हिडिओकॉनचा मोझांबिकमधला वाटा जवळपास २५० कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. व्यवहार पुरा झाला जानेवारी २०१४ मध्ये. आणि एप्रिलमध्ये इंडियन सुपर लीगच्या गोवा संघाचे मालक म्हणून नावं आली दत्तराज साळगावकर, श्रीनिवास डेम्पो आणि व्हिडिओकॉन यांची. तो पैसा या क्लबमध्ये आला, असं म्हणायला काही आधार नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण वायुक्षेत्र विकत घेणाऱ्याचा संघ मैदानाबाहेर आणि ते विकणारा मालकांच्या कक्षात, हा योग मात्र मजेशीर आहे.

एफसी गोवा असं नाव घेतलेल्या या संघाला प्रशिक्षक मिळाले ते थेट ब्राझीलचे झिको. दुसऱ्याच मोसमात, २० डिसेंबर २०१५ ला, संघ घरच्या मैदानावर अंतिम सामना खेळला. फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम भरलेलं. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल मारून गोव्याला चेन्नईयिनपुढे २-१ अशी आघाडी दिली. चषक हातात आलाच होता. ९०व्या मिनिटाला गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला, आणि वाढीव वेळेत मेंडोझाने तिसरा चढवला. तीन-चार मिनिटांत सगळं होत्याचं नव्हतं झालं.

पुढे व्हिडिओकॉन मालकीतून बाहेर पडली आणि डेल्टा कॉर्पचे जयदेव मोदी आले. तेलाच्या जागी कॅसिनो. २०१८ मध्ये व्हिडिओकॉनवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. क्लबला त्याची झळ लागली नाही, कारण तोवर नातं उरलंच नव्हतं. फ्रँचायझीचं असंच असतं: वाटा विकला की विषय संपला. आणि संघमालकांबद्दल बोलताना सुपर लीगच्या मूळ यजमानाला विसरून कसं चालेल? २०१० मध्ये फुटबॉल महासंघाशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला तो आयएमजी-रिलायन्सने. जामनगरच्या रिफायनरीवाली ती रिलायन्स. हा करार संपत आला तशी जुलै २०२५ मध्ये अख्खी लीगच अधांतरी थांबली.

डेम्पोंची गोष्ट वेगळी. हे मूळचे खाणमालक, ‘नवप्रभा’ दैनिक त्यांचंच. २००९ मध्ये त्यांनी खाणधंदा १,७५० कोटींना सेसा गोवाला विकून टाकला. क्लबचा पैसा खाणीतून येतो म्हणणाऱ्यांनी तेव्हाच त्याचं श्राद्ध घातलं असतं. पण अर्मांदो कुलासोंच्या हाताखाली डेम्पो स्पोर्ट्स क्लबने त्यानंतरही २००९-१० आणि २०११-१२ ची आय-लीग जिंकली. आधीच्या तीन धरून राष्ट्रीय विजेतेपदं एकूण पाच. खनिज गेलं, घराण्याचा हट्ट राहिला. मोराती काय, डेम्पो काय, माझ्या मते क्लब तगतो तो या हट्टावर. जमिनीखालून तेल निघतं की लोखंड, हे त्यामानाने दुय्यम. पण हट्टाची दुसरी बाजूही आहे. २०१६ मध्ये सुपर लीगला वरचा मान देण्याची महासंघाची योजना पुढे आली. तोवर खालच्या विभागात गेलेल्या डेम्पोने आय-लीगमध्ये परत चढण्याचा हक्क मैदानात मिळवूनही माघार घेतली. साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लबही बाहेर पडले. मालक रुसला की काय होतं, ते गोव्याने पाहिलं.

हा रुसवा आठ वर्षं टिकला. २०२४ मध्ये डेम्पो खालच्या विभागातून खेळत, गुण मिळवत पुन्हा आय-लीगमध्ये चढला. ओएनजीसीच्या संघाला बाहेर जाताना अडवायला कुणी अध्यक्ष नव्हता, आणि परत आणायलाही नाही.