पहिले बत्तीस केबी

नाशिकच्या द्वारका परिसरात, आग्रा रोड आणि पुणे रोड एकमेकांना मिळतात त्या भागातल्या कुठल्याही सोसायटीत विचारून पाहा. मुलांच्या कॉलेजसाठी घेतलेला आणि आता कपाटात पडलेला जुना लॅपटॉप एखाद्या घरात नक्की निघेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यात न बसणारी मशिन एक तर भंगारात जाते, नाहीतर दुकानात. तिथे आपण म्हणतो, ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या.’ दुकानदार त्याच्याकडचा पेनड्राइव्ह लावतो आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप घरी येतो. त्या पेनड्राइव्हवर काय होतं, ते कुठून आलं होतं, हे कोणी विचारत नाही.

ते विचारायला हवं, आणि जमेल त्याने कॉम्प्युटर सुरू करून देणारी अशी डिस्क, म्हणजे बूटेबल डिस्क, घरीच करायला हवी. असं का, ते कॉम्प्युटर सुरू होताना आत काय घडतं त्यावरून कळतं.

बटण दाबलं त्या क्षणी प्रोसेसरला फाइल म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, यातलं काहीच ठाऊक नसतं. मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम तेवढा चालू होतो. जुन्या मशिनमध्ये तो बायोस, २०१२ नंतरच्या बहुतेक मशिनमध्ये यूईएफआय. बायोस मेमरी, कीबोर्ड, स्क्रीन तपासतो आणि हार्ड डिस्कचा पहिला तुकडा (सेक्टर), म्हणजे फक्त ५१२ बाइट, वाचतो. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागणीच्या नोंदीसाठी आणि शेवटचे दोन खुणेसाठी. त्या दोन बाइटमध्ये ८५ आणि १७० हे आकडे दिसले की बायोस सगळा ताबा त्या ४४६ बाइटच्या हाती देतो. पुढचं सगळं विंडोज, किंवा तिच्याऐवजी टाकता येणारी मुक्त कार्यप्रणाली लिनक्स, त्यांच्या मागून येतं.

म्हणूनच डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नेहमीसारखी कॉपी-पेस्ट करून डिस्क बूट होत नाही. घराचा नकाशा घडी घालून प्लॉटवर ठेवला म्हणून घर उभं राहत नाही, तसंच हे. आयएसओ ही एका अख्ख्या डिस्कची बाइट-न्-बाइट प्रत असते. ती आहे त्याच क्रमाने, पहिल्या सेक्टरपासून लिहावी लागते. बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डेटा डिस्क’ आणि ‘इमेज’ असे दोन पर्याय दिसतात. त्यातला ‘इमेज’ निवडायचा.

सीडीची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकानुसार सीडीवरचा एक सेक्टर २,०४८ बाइटचा. पहिले सोळा सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मानकाने मोकळे सोडले. फाइलव्यवस्थेची माहिती त्यानंतर सुरू होते. सुरुवातीला सीडीवरून कॉम्प्युटर सुरूच होत नसे. आधी बूट फ्लॉपी घालायची आणि मग सीडी. १९९५ मध्ये आयबीएम आणि फिनिक्स या कंपन्यांनी ‘एल टोरिटो’ नावाचं मानक आणलं. मोजायला शून्यापासून सुरुवात केली तर सतराव्या सेक्टरमध्ये एक नोंद ठेवायची. ती वाचून बायोसला सुरुवातीचा प्रोग्राम कुठे आहे ते समजतं.

आणि मोकळ्या सोडलेल्या त्या ३२ केबीचं पुढे सोनं झालं. पेनड्राइव्ह रुळले तेव्हा लिनक्सच्या मंडळींनी त्याच रिकाम्या जागेत हार्ड डिस्कसारखे ५१२ बाइट बसवले. त्यामुळे एकच आयएसओ सीडीवर लिहिली तरी चालते आणि पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली तरी चालते. दोन्ही वाचणारे आपापल्या जागी पाहतात. वीस वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेचा इतका नेटका वापर संगणकाच्या इतिहासात मला तरी दुसरा आठवत नाही. विंडोजची आयएसओ अशी दुहेरी नसते. तिचा पेनड्राइव्ह करायला मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रुफससारखं साधन लागतं.

आपल्याकडे लिनक्स पसरलं ते डिस्कच्याच वाटेने. नव्वदच्या दशकात इंटरनेट डायल-अपवर रांगत होतं, तेव्हा ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी यायची. पुढे उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराची सीडी मागवली की पोस्टाने फुकट घरी येई. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. लिनक्सच्या पडद्यावरची मराठीही याच मार्गाने आली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले लोहित फॉन्ट २००४ मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीने मुक्त परवान्याखाली खुले केले. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या बॉस लिनक्समध्येही मराठी आहे. जुन्या लॅपटॉपवर आजी-आजोबांना मराठी मेनू मिळू शकतो, हे अजूनही फार थोड्या घरांना माहीत आहे.

आता पुन्हा त्या अनोळखी पेनड्राइव्हकडे येऊ. सगळ्यात आधी जो प्रोग्राम चालतो, तो नंतरच्या सगळ्यांच्या वरचढ असतो. इन्स्टॉल करणारी डिस्कच बिघडवलेली असेल, तर नंतर टाकलेल्या अँटिव्हायरसला ते कळेलच असं नाही. त्याच्या पायाखालची जमीनच दुसऱ्याने घातलेली असते. त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. ‘क्रॅक’ केलेलं विंडोज फुकट मिळतं, पण त्यात आणखी काय घातलंय हे दुकानदारालाही माहीत नसतं.

मूळ संकेतस्थळावरून घेतलं तरी पडताळणी हवीच. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्या आणखी एका प्रकाराच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडची लिंक बदलून छुपं दार असलेली आयएसओ लोकांच्या माथी मारली गेली. यावर उपाय आहे एसएचए-२५६. हे गणित अख्ख्या फाइलमधून ६४ अक्षर-अंकांचा ठसा काढतं; फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. विंडोजमधल्या सर्टयुटिल आज्ञेने तो घरी काढता येतो. आयएसओ देणाऱ्या प्रकल्पाने जाहीर केलेल्या ठशाशी तो जुळला पाहिजे. त्या ठशावरची डिजिटल सही तपासली तर आणखी उत्तम, कारण संकेतस्थळच ताब्यात गेलं तर तिथला ठसाही बदलता येतो.

डीव्हीडीवर लिहायचं असेल तर आकार आधी पाहा. २००४ मधलं पहिलं उबुंटू ७०० एमबीच्या एका सीडीत मावायचं, २४.०४ ची आयएसओ ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीतही मावत नाही. लिनक्स मिंट मावतं. बर्न करताना वेग कमी ठेवा आणि शेवटी ‘व्हेरिफाय’ करा. घरच्या ड्राइव्हमध्ये लेसर डिस्कवरच्या रंगाच्या थरावर खुणा उमटवतो. तो थर उन्हाने खराब होतो, म्हणून डिस्क खिडकीत ठेवू नका.

हार्ड डिस्कला हात लावण्याआधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून घ्या. मग डिस्कवरूनच लिनक्स चालवून पाहा. ते मेमरीत चालतं, आतलं काही पुसत नाही. वाय-फाय लागतंय का, आवाज येतोय का, मराठी टाइप होतंय का, हे तिथेच समजतं. समाधान झालं तरच इन्स्टॉलचं बटण दाबा, आणि त्या वेळी चार्जर लावलेला असू द्या. वीज गेली तरी जुन्या बॅटरीचा थोडाफार आधार राहतो.

एक मात्र लक्षात ठेवा. ही डिस्क करायला दुसरा चालू कॉम्प्युटर लागतो. म्हणून घरातली मशिन धड चालते आहे तोवरच, येत्या रविवारी, एक डिस्क करून ठेवा आणि तिच्यावर तारीख व आवृत्ती लिहा.